जोडलेले आहे, इंटरनेट नाही

सोमवार, ४ मार्च. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे

टेबलाखाली रांगत स्क्रू गोळा करतो आहे. आठ मिळाले, एक मिळत नाही. दम खायला बसलो तेवढ्यात हे लिहून घेतो.

माझा कॉम्प्युटर आज सकाळी संपला. भावोजींनी पान्याचे तीन घाव घातले. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे पाना चांगला हातभर लांब आहे. पहिल्या घावाला डब्याचा पत्रा आत गेला. दुसरा ताईच्या हातावर बसला, कारण तिने हात मध्ये घातला. तिसऱ्याने आतली पाटी, म्हणजे मदरबोर्ड, फुटली.

भावोजी एरवी मशीनपाशी येत नाहीत. फक्त रात्री दहाला येऊन पडद्याचं बटण दाबतात आणि म्हणतात, "झालं बंद. वीज काय तुझ्या बापाची?" पडदा बंद केला म्हणजे मशीन बंद होत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. ते घोरायला लागले की मी पुन्हा पडदा लावतो आणि काम करतो. आज मात्र सकाळी ते खुर्चीत बसून काहीतरी वाचत होते. मग पहिल्याच ओळीवर बोट ठेवून ओरडले, "हे पत्र कुणाला लिहिलंय?"

ताई म्हणाली, "त्याचं काम आहे ते. मला काय कळतं त्यातलं?"

मला असं पत्र आठवत नाही. पण मी दिवसभर काही ना काही टाइप करतच असतो, तेव्हा असेलही. मी म्हणालो, "हो, माझंच." त्यावर त्यांनी पाना आणला. माझ्या रात्रीच्या खटखटीने त्यांची झोप मोडते, मूळ कारण ते असावं.

माझं काम असं: विमा कंपनीला अपघाताचे फोन येतात, ते ऐकून जसेच्या तसे टाइप करायचे. शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन पक्कं म्हणून घेतलं. नियम दोनच. जे ऐकू येतं तेच लिहायचं, त्याचा अर्थ लावायचा नाही. आणि बोलणं नसेल तर आवाज कंसात टाकायचा: (काच फुटल्याचा आवाज). नीट ऐकू आलं नाही तर (अस्पष्ट).

हातातला गठ्ठा गुरुवारी १४ तारखेला दुपारी बारापर्यंत पाठवायचा आहे. नाही पाठवला तर नाव कमी होतं. मग या घरात मी कुठल्या तोंडाने जेवायचं?

ताईची दोन बोटं वांग्यासारखी सुजली आहेत. ती म्हणते, दुखत नाही.

मंगळवार, ५ मार्च

जुन्या मशीनच्या दुकानातून दुसरं घेतलं. दुकानदार म्हणाला, "फुटलेलं कसं काय फुटलं?" मी म्हणालो, पडलं. तो म्हणाला, "तीनदा?" वर एक छोटा कॅमेरा फुकट दिला, पडद्याच्या डोक्यावर अडकवायचा. बोलणंही त्यातूनच ऐकू जातं. मला उपयोग नाही, पण ताईला फार आवडला. नवं खेळणं मिळाल्यासारखी तिने तो तीनदा काढून लावला.

जुनी डिस्क वाचली होती. ती नव्या डब्यात बसवली. सगळं जिथल्या तिथे आहे, अगदी मी कधी न पाहिलेली दोन-चार चिन्हंसुद्धा.

फक्त इंटरनेट नाही. भिंतीतून येणारी वायर तीच, खोबणीतला दिवा लुकलुकतो, पण पडद्यावर येतं: जोडलेले आहे, इंटरनेट नाही.

ताईने विचारलं, "गुरुवारपर्यंत लागेल ना?"

"उद्याच लागेल. गुरुवार कशाला?"

"या नाही रे, पुढच्या."

माझ्या गठ्ठ्याची तारीख तिने लक्षात ठेवली आहे. मला बरं वाटलं.

बुधवार, ६ मार्च

वायर काढून लावली. दुसरी वायर आणून लावली. मशीन बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं. काही नाही. शेवटी केबलवाल्यांच्या ऑफिसात गेलो.

तिथे काउंटरवर एक गिऱ्हाईक जाळीतून हात घालून कारकुनाची कॉलर ओढत होतं. "चार दिवस, चार दिवस झाले!" असं म्हणत त्याने कारकुनाचं कपाळ जाळीवर आपटलं. दोघांनी त्याला धरून बाहेर काढलं. कारकुनाने कपाळ पुसलं, रुमालावर रक्त बघितलं आणि मला म्हणाला, "हां, बोला. तुमचं काय?"

माझी पाचावर धारण बसली होती. तरी सगळं क्रमाने सांगितलं.

तो म्हणाला, "मशीन बदललंत ना? मग बरोबर आहे. प्रत्येक मशीनला स्वतःचा एक नंबर असतो. आमची लाइन त्या नंबरावर बांधलेली असते. ती जुन्या मशीनला ओळखते, नव्याला दारात उभं करत नाही."

"मग ओळख करून द्या की."

"देऊ. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जाईल. तो सांगा, दोन मिनिटांत काम."

कनेक्शन भावोजींच्या नावावर आहे.

मी म्हणालो, "दुसरा काही मार्ग?"

तो जाळीजवळ सरकला. मग म्हणाला, "जुन्या मशीनचा नंबर नव्यात टाइप केला तर लाइनला वाटेल जुनंच आहे. पण नंबर पाहिजे. तो आम्ही असा सांगत नाही."

नंबर आतल्या पाटीवर चिकटवलेला असतो. मी घरी येऊन पाटी काढली.

गुरुवार, ७ मार्च

नंबरात बारा घरं. दहा वाचता येतात. शेवटच्या दोन घरांवर पान्याचा घाव बसला आहे. दहा आकडे आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरं धरून त्या दोन घरांच्या दोनशे छप्पन्न जोड्या होतात. एक जोडी टाइप करायची, मशीन पुन्हा चालू करायचं, चार मिनिटं वाट बघायची. सगळ्या जोड्या लिहून काढल्या आहेत. झाली की खूण करायची.

ताई म्हणाली, "एवढं करण्यापेक्षा..." आणि थांबली. मग म्हणाली, "नाही, हेच कर. त्यांना विचारू नकोस. काहीही झालं तरी त्यांना विचारू नकोस."

मला तरी कुठे विचारायचं होतं!

आज एकोणतीस जोड्या झाल्या.

शनिवार, ९ मार्च

संध्याकाळी इमारतीची लिफ्ट अडकली होती, आत चौथ्या मजल्यावरच्या आजी. भावोजींनी अर्ध्या तासात काढल्या, पैसे घेतले नाहीत. सगळे जिन्यात जमले होते. आजी ताईला म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं."

रात्री साडेनऊनंतर पलीकडच्या खोलीतून: (भांडं पडल्याचा आवाज.) पुरुष: "कुणाला बघून हसत होतीस?" स्त्री: (अस्पष्ट.) (थप्पड. पुन्हा थप्पड.) (काहीतरी जड ओढल्याचा आवाज.) स्त्री: "केस सोडा. केस सोडा ना."

मी उठून दारापर्यंत गेलो. कडी आतून होती. दार वाजवलं. भावोजींनी उघडलं, माझ्याकडे हसून बघितलं आणि म्हणाले, "काय रे शुद्धलेखन, कुठे चुकलं का आमचं?" आणि पोटात एक गुद्दा दिला. मी जिन्यासारखा घडी होऊन खाली बसलो. श्वास येईना. त्यांनी दार लावून घेतलं.

घडी जिन्याची होत नाही. पण खोडत नाही, तसंच वाटलं होतं.

आजपर्यंत सत्त्याण्णव जोड्या.

रविवार, १० मार्च

सकाळी ताईच्या डोक्यावर रुपयाएवढी जागा उघडी दिसली. तिने ओढणी घेतली. चहा देताना म्हणाली, "किती झाल्या?"

"शंभराच्या वर."

"निम्म्या पण नाहीत?"

"ताई, तू माझी एवढी काळजी करू नकोस. गठ्ठा नाही गेला तर दुसरं काम बघेन."

ती हसली की काय कळलं नाही, कारण तिचा ओठ फाटला आहे. म्हणाली, "एक सांग. शिजवणं, कपडे, म्हाताऱ्या माणसांना उठवणं-बसवणं, हे येतं असं सांगायचं असेल तर कसं सांगायचं? जास्त बढाई वाटू नये."

मी म्हणालो, "'अनुभव आहे' असं म्हणतात." तिला कुणासाठी हवं होतं ते विचारायचं राहिलं. शेजारच्या कामवाल्या बाईंसाठी असावं.

सोमवार, ११ मार्च

जोड्या एकशे बेचाळीस. हिशेब केला तर गुरुवारी बाराच्या आत उरलेल्या होतात, पण फोन कधी टाइप करणार? मनाचा हिय्या करून भावोजींच्या कामावर गेलो.

ते एका उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीत होते. दोघे मदतनीस खाली. मोटर उघडी, जमिनीत चौकोनी भोक, त्यातून दोर खाली जातात. मी ओटीपीचं सांगितलं.

"ये इकडे," म्हणाले. मी गेलो. त्यांनी मागून कॉलर धरली आणि मला त्या भोकावर वाकवलं. खाली अंधार, आणि फार खाली एक पिवळा दिवा. माझ्या खिशातलं पेन पडलं. बराच वेळ आवाज आला नाही. मग आला.

"ऐकलास? आता हे कसं लिहिशील? कंसात ना?"

"भावोजी, नका."

"माझ्या घरात राहतोस, माझी वीज जाळतोस, आणि माझाच नंबर मागतोस?" त्यांनी मला आणखी वीतभर पुढे ढकललं. पायाची बोटं नुसती टेकलेली.

मी घाईघाईत जे सुचेल ते बोलत सुटलो. भाडं देईन, रात्री काम करणार नाही, हे फक्त गुरुवारपुरतं. "ताईसुद्धा रोज विचारते, गुरुवारपर्यंत लागेल का, गुरुवारपर्यंत लागेल का. तिच्यासाठी तरी."

कॉलर ढिली झाली. त्यांनी मला मागे ओढलं, सरळ उभं केलं, शर्ट नीट केला.

"ताई विचारते?"

"रोज."

"गुरुवारचं?"

"हो."

मग ते एकदम चांगले झाले. स्वतः ऑफिसला फोन लावला, आलेला नंबर मोठ्याने वाचून दाखवला. मला म्हणाले, "लाव, लाव. बघू तरी गुरुवारी काय आहे ते."

माणूस वाटतो तेवढा वाईट नाही. फक्त त्याच्याशी बोलायची रीत यायला पाहिजे.

घरी आलो तर इंटरनेट चालू! मी ताईला सगळं सांगितलं, शेवटी काय बोललो तेसुद्धा. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. आनंदाने पायातलं बळ जातं, तसं.

"काय म्हणालास? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

ती म्हणाली, "बरं." लगेच मशीनपाशी गेली, पण तेवढ्यात दारात भावोजी आले. दुपारीच. म्हणाले, "रजा टाकली. शुक्रवारपर्यंत."

बुधवार, १३ मार्च

भावोजी दोन दिवस पलंगावर बसून आहेत. कुठे जात नाहीत. ताई पाणी भरायला उठली तरी मागे उभे. मी भराभर टाइप करतो आहे. आज एका बाईचा फोन होता, तिच्यावर दुकानाची फळी पडली; ती सारखी म्हणत होती, माझं कुणीतरी ऐकतंय ना? कंपनीचा माणूस म्हणत होता, बोला बाई, लाइन चालू आहे.

भावोजी न्हाणीघरात गेले तेव्हा ताईने नळ सोडला आणि माझ्या कानाशी आली. "उद्या मशीन बंद ठेव. निदान अकराला."

"अगं, बाराला गठ्ठा द्यायचा आहे!"

"माझं ऐक."

"गेला आठवडाभर तूच मागे लागली होतीस. आता बंद कसं ठेवू?"

न्हाणीघराची कडी वाजली. तिने नळ बंद केला. ताईचं कधी काय असतं, काही कळत नाही.

शनिवार, १६ मार्च. हॉस्पिटलच्या बाकावर

डावा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये आहे. उजव्याने लिहितो आहे, त्यामुळे अक्षर बरं आहे.

गुरुवारी मशीन चालूच ठेवलं. अकरा वाजता त्यातून घंटी वाजायला लागली. मी कधी न पाहिलेल्या त्या चिन्हांतलंच एक उड्या मारत होतं. ताई स्वयंपाकघरातून धावत आली, मध्येच थांबली.

भावोजी म्हणाले, "उचल."

मी दाबलं. पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई. मागे ओळीने खाटा. हसून म्हणाल्या, "नमस्कार! ताई आहेत का? वृद्धाश्रमातून बोलतेय. कामाचा अर्ज मिळाला होता. राहायची खोली मोकळी झालीय. दोघांनाच लागेल ना? त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ?"



मग भावोजींनी पडदा दोन्ही हातांनी उचलला, वायरीसकट उपसला आणि भिंतीवर मारला. "झालं बंद!" म्हणाले. आणि पाना घेतला.

पहिला ताईच्या खांद्यावर. दुसऱ्याला ती वळली आणि तो जबड्यावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज. ती पडली. त्यांनी लाथा घातल्या, बरगडीत, पाठीत, मोजून घातल्यासारख्या. "दोघांना? दोघांना खोली?"

मी टेबलाला चिकटून उभा होतो. मान खाली गेली तर टेबलाखाली कॅमेरा पडला होता, उलटा, भिंतीकडे तोंड करून. त्यावरचा हिरवा ठिपका लागलेला होता. डबा चालू होता. लाइन चालू होती.

त्या बाईंना दिसत काहीच नसणार. फक्त ऐकू येत असणार. आणि मला पक्कं माहीत होतं की अशा वेळी टाइप करणारा काय लिहितो. (आपटल्याचा आवाज.) (अस्पष्ट.) (अस्पष्ट.) मी स्वतः अशी शेकडो पानं भरली आहेत.

म्हणून मी बोलायला लागलो. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, कुणाला तरी सांगून लिहून घ्यावं तसा. "पुरुषाच्या उजव्या हातात लोखंडी पाना आहे. स्त्री जमिनीवर आहे. जबडा मोडला आहे. तोंडातून रक्त येतं आहे. तो तिला लाथा मारतो आहे. ती माझी बहीण आहे. तो तिचा नवरा आहे. पत्ता अर्जावर आहे. दुसरा मजला, डावीकडचं दार."

भावोजी थांबून बघत राहिले. "वेड लागलं का रे तुला? कुणाला सांगतोस?"

"आता त्याने पाना वर केला आहे. तो तिच्या डोक्यावर नेम धरतो आहे."

एवढं बोलून मी हात मध्ये घातला. मशीन फुटलं त्या सोमवारी ताईने घातला होता तसाच.

पुढचं मला तुटक आठवतं. हाडाचा आवाज झाला तो माझ्याच हाताचा, तोही मी बोलून दाखवला म्हणतात. दुसऱ्या घावाला मी त्यांच्या पोटरीला दातांनी धरलं आणि सोडलं नाही. तोंडात रक्त आलं, ते माझं की त्यांचं माहीत नाही. ते माझ्या पाठीत पाना घालत होते. मग दार फुटलं, पोलीस होते. भावोजी त्यांना म्हणाले, "या साहेब, घरगुती आहे." आणि टेबलाखालच्या डब्यातून त्या बाईंचा आवाज आला, अगदी स्पष्ट: "साहेब, मी सगळं ऐकलंय. पहिल्यापासून."

भावोजींनी मोडक्या पडद्याकडे बघितलं. मग टेबलाखाली बघितलं. त्यांचं तोंड तेव्हा कसं झालं, ते लिहायला गेलो तर अर्थ लावावा लागेल.

रविवार, १७ मार्च

ताईचा जबडा तारेने बांधला आहे. दीड महिना बोलायचं नाही. पाटीवर लिहिते. काल तिने लिहिलं, "गाढवा, नळ सोडला होता तेव्हा तरी ऐकायचं." मी रडलो तर पुसून दुसरं लिहिलं, "दात धुतलेस ना? कुत्रं चावल्यावर माणसाला सुई देतात, माणूस चावल्यावर पायाला काय देतात?" मग तिला हसू आलं आणि तार दुखली.

मी तिचा अर्ज वाचला, आणि त्याला आश्रमाचं उत्तरही: गुरुवारी १४ तारखेला सकाळी अकराला व्हिडिओवर बोलू. लिफ्टच्या भोकावर ज्या गुरुवारचं नाव मी घेतलं, तो हा. अर्ज महिन्याभरापूर्वीचा आहे, दुपारी मी झोपलेलो असताना टाइप केलेला. "मला सगळं घरकाम येतं. माझा भाऊ घाबरट आहे पण प्रामाणिक आहे. त्याला एकट्याला इथे ठेऊन मी येणार नाही." सहा चुका होत्या. एकही दुरुस्त केली नाही.

केबलवाल्या कारकुनाने फोन केला होता. जुन्या मशीनच्या शेवटच्या दोन घरांत काय होतं ते आता सांगायला हरकत नाही, म्हणाला. माझ्या यादीत ती जोडी एकशे एकोणपन्नासावी आहे. मी एकशे बेचाळीसला उठून गच्चीवर गेलो होतो.

सोमवार, १८ मार्च

पोलिसांकडे त्या बाईंनी दिलेली फाईल आहे, तेवीस मिनिटांची. साहेब म्हणाले, हिचं टाइप केलेलं लागेल, आमचा माणूस रजेवर आहे. मी म्हणालो, मी करतो. साहेब म्हणाले, "तुमचाच आवाज आहे त्यात. जमेल?"

एका हाताने दोन दिवस लागतील. पहिली चार मिनिटं झाली. अजून एकदाही (अस्पष्ट) लिहावं लागलं नाही. साहेब म्हणाले, झालं की दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ, सही त्याची असेल. ते बरोबर आहे.

खोली आमच्यासाठी ठेवली आहे. बाईंनी विचारलं, तिथे इंटरनेटची वायर लागेल का. मी म्हणालो, लागेल. नावावर कुणाच्या, तर ताईच्या.

खर्च:
जुनं मशीन, कॅमेऱ्यासकट: चार हजार दोनशे
वायर: नव्वद
हॉस्पिटलला नेणारी गाडी: तीनशे
औषधं: अकराशे चाळीस
पाटी आणि खडू: पस्तीस

देणं:
हॉस्पिटल: बिल अजून आलेलं नाही
चौथ्या मजल्यावरच्या आजी: पाचशे. परत घेणार नाही म्हणतात, तरी लिहून ठेवतो
ताई: सात जोड्या

येणं:
विमा कंपनीकडून काही नाही. गठ्ठा गेला नाही, नाव कमी झालं.
तेवीस मिनिटांचं टंकन, नेहमीच्या दराने: साहेब देत होते, घेतलं नाही.